ओढा उतरेपर्यंत

आमच्या धाकट्याला मोबाइलवर एक छंद जडला आहे. परदेशातली कुटुंबे भल्यामोठ्या मोटारीत संसार मांडून देशभर फिरतात, त्यांचे व्हिडिओ तो तासन्‌तास पाहतो. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच न्हाणीघर. न्यूझीलंडमधल्या कुठल्याशा डोंगरात पाऊस कोसळत असतो, आणि आत आई चहा गाळत असते, मुले पत्ते खेळत असतात. याला मोटारहोम म्हणतात, हे आम्हाला त्याच्याकडूनच कळले. आपल्या सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, असे आम्ही त्याला सांगितले. कॅरॅव्हॅन हा शब्द फार्सीतल्या कारवाँपासून आला आहे, हेही सांगितले. उर्दू शिकवणाऱ्याला असे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणाला, "मग आपण कधी जायचं?"

गेल्या जुलैत त्याची इच्छा वेगळ्याच रीतीने पूर्ण झाली.

थोरलीला दहावीत चांगले गुण पडले आणि तिने लातूर म्हटले. मराठवाड्यात लातूर म्हटले की पुढचे काही विचारावे लागत नाही. लातूर पॅटर्न, ट्यूशन एरिया, पहाटे पाचला अभ्यासाला बसणारी मुले, खोल्या भाड्याने देणारी घरे. प्रश्न होता तो तिच्यासोबत राहणार कोण. आम्ही दोघेही नोकरीत. वसतिगृहात ठेवावे, तर पत्नीचा जीव होत नव्हता. चार दिवस घरात हाच विषय. पाचव्या दिवशी अम्मी म्हणाल्या, "मैं जाती उसके साथ. दो साल की तो बात है." अम्मींचे वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे. आम्ही नको म्हणालो. त्यांनी ऐकले नाही.

म्हणून भाड्याची क्रूझर केली. कॅरियरवर दोन गाद्या, पत्र्याची ट्रंक, पिठाचा डबा आणि प्लास्टिकची खुर्ची, वरून ताडपत्री आवळलेली. आत पाच किलोची छोटी शेगडी, कुकर, तवा, पुस्तकांची खोकी, जानमाज, अम्मींची औषधे आणि त्यांचा रेहल. धाकटा मागच्या आडव्या सीटवर गादीच्या गुंडाळीला टेकून बसला आणि म्हणाला, "हेच तर मोटारहोम!" ड्रायव्हरमामांना हा शब्द फार आवडला. दिवसभर ते गाडीला तसेच म्हणत राहिले.

नांदेड ते लातूर म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर असा सरळ हमरस्ता. अडीच-तीन तासांत माणूस पोहोचतो. महाविद्यालयात मूळ कागदपत्रे पाच वाजेपर्यंत दाखल करायची होती, तो शेवटचा दिवस. सकाळी आठला निघालो तर दुपारच्या आत पोहोचू, असा हिशेब. पण अम्मींची एक अट होती. दोन वर्षांसाठी जायचे, तर आधी त्यांच्या अब्बांच्या कबरीवर फातिहा पढून जायचे. त्यांचे माहेर कंधारजवळच्या एका लहान गावात. वाट थोडी वाकडी होत होती, पण वेळ भरपूर होता. देगलूर नाक्यावरून सिडको, उस्माननगर करत आम्ही कंधारच्या रस्त्याला लागलो.

पाऊस निघतानाच सुरू झाला होता. मिरग यंदा कोरडा गेला होता, सोयाबीनची पेरणी लांबली होती, त्यामुळे या पावसावर कोणी रागावायला तयार नव्हते. पऱ्हाटीची कोवळी रोपे पाण्यात मान वर काढून उभी होती. बांधाबांधावर पोत्याची खोळ पांघरून माणसे पाण्याला वाट करून देत होती. अम्मींनी काच जराशी खाली करून हात बाहेर काढला आणि हा पाऊस फायद्याचा ठरो अशी दुआ केली. प्रेषित मुहम्मद (स.) पाऊस पाहिल्यावर हीच दुआ करीत.

कंधारला किल्ल्यापाशी पाच मिनिटे थांबलो. हा डोंगरावरचा किल्ला नव्हे, सपाटीवरचा आहे. भोवती रुंद खंदक, त्यात पाणी. पावसाचे थेंब त्या पाण्यावर पडताना एक बारीक आवाज येत होता. राष्ट्रकूटांच्या काळापासून या गावाचे नाव घेतले जाते. पुढे बहमनी, निजामशाही, आणि १६३१ साली शाहजहानच्या फौजेने तो जिंकला. इतिहासात अफगाणिस्तानातल्या कंदहारशी गल्लत होऊ नये म्हणून याला दखनचे कंधार म्हणावे लागते. आत फार्सी-अरबी शिलालेख आहेत. थोरलीला ते दाखवायचे आमच्या मनात होते, पण पत्नीने घड्याळाकडे बोट दाखवले. आम्ही शिक्षक लोक दगड दिसला की धडा सुरू करतो, हे घरात सर्वांना माहीत आहे.

किल्ल्यापेक्षा अम्मींना दुसरेच काही दाखवायचे होते. "ये देखो, इस्कूल," त्या म्हणाल्या. कंधारला भाई केशवराव धोंडगे यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी काढली. नावातच मोफत, आपल्या उर्दूतला मुफ्त. आसपासच्या कितीतरी खेड्यांतली मुले त्या शाळांतून शिकून बाहेर पडली. अम्मींचे दोन्ही भाऊ तिथेच शिकले. अम्मी मात्र गावातल्या शाळेत चौथीपर्यंतच. का, ते आम्ही कधी विचारले नव्हते. त्या काळच्या मुली चौथीपर्यंतच शिकत, एवढे उत्तर आम्ही आपल्या मनाने धरून चाललो होतो.

गाव कंधारपासून सहा-सात किलोमीटर आत. अलीकडे एक ओढा, त्यावर फरशी पूल. आम्ही गेलो तेव्हा फरशी कोरडी नव्हती, पण पाणी नळ्यांतून खालीच वाहत होते. कब्रस्तान गावाच्या टोकाला, बाभळीखाली. छत्र्या उलट्या होत होत्या. अम्मींनी चप्पल काढली, चिखलातून चालत कबरीपाशी गेल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. दुआ मागून झाल्यावर त्या कबरीशी काहीतरी बोलल्या. थोरली त्यांचा हात धरून उभी होती. नंतर आम्ही तिला विचारले, दादी काय म्हणाल्या? ती म्हणाली, "मी लातूरला जातेय, असं सांगितलं."

आता त्या गावात आमचे कोणी राहत नाही. दोन-तीन मुस्लिम घरे आहेत, त्यांतल्या एकात चहाला बसवलेच. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असावा. परत ओढ्यावर आलो तो फरशी दिसतच नव्हती. तांबूस गढूळ पाणी तिच्यावरून धावत होते, मधूनच एखादी काटेरी फांदी गरगरत जात होती. सव्वाबारा वाजले होते.

ओढ्याच्या दोन्ही काठांना माणसे जमली होती. आमच्या काठाला दोन मोटारसायकली, दुधाचे कॅन घेतलेला एक पोऱ्या आणि एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाला कसाबसा पलीकडे गेला. ते पाहून ड्रायव्हरमामांना जोर आला. "सर, आपली गाडी उंच हाय. फरशी मला पाठ हाय. काढतो." पाणी किती असेल? एक म्हातारा म्हणाला गुडघाभर, दुसरा म्हणाला मांडीइतके. मोबाइलला रेंज नव्हती. कागदपत्रे पिशवीत, पाच वाजता खिडकी बंद.

खरे सांगायचे तर आम्ही हो म्हणण्याच्या बेतात होतो. वर्गात दरवर्षी मुलांना सांगतो, वाहते पाणी गुडघाभर असले तरी मोटार उचलली जाते, पुलावरून पाणी असताना पाऊल टाकू नका. आणि स्वतःच्या मुलीचा प्रवेश हातचा जाताना दिसला, तेव्हा तेच आम्ही काठावर उभे राहून ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा शोधत होतो.

त्यात अम्मींनी भर घातली. त्या गाडीतूनच म्हणाल्या, "निकालो गाडी. अल्लाह मालिक है." पत्नी म्हणाली, अम्मी, पाणी पाहा तरी. तेव्हा त्यांचा आवाज चढला. आम्ही तो आवाज फार वर्षांनी ऐकला. "इसी नाले ने मेरा मदरसा खाया. अब इसका भी खाता क्या?"

मग ते कळले. पाचवीची शाळा कंधारला होती. भाऊ चालत जात. अम्मींचे नावही घातले होते, पाटी नव्हे तर वह्या घेतल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात ओढा भरला, त्या आणि त्यांची एक मैत्रीण संध्याकाळपर्यंत पलीकडच्या काठावर अडकल्या. अंधार पडल्यावर कोणीतरी खांद्यावर बसवून आणले. दुसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, पाऊस संपला की जा. पाऊस संपला, पण मग कापूस वेचणीला आला, मग धाकटी बहीण झाली. "पानी उतरा, मैं नहीं गई," अम्मी म्हणाल्या. एवढेच. मघाशी त्या कबरीपाशी काय बोलल्या असतील, हे आम्हाला तेव्हा थोडे उमगले.

कोणाला काही सुचेना. ड्रायव्हरमामांनी चावी फिरवली होती, इंजिन चालू होते. तेवढ्यात थोरली खाली उतरली. पावसात उभी राहून तिने ओढ्याकडे पाहिले, मग खिडकीपाशी येऊन दादींना म्हणाली, "दादी, मैं तो जाऊंगी. आज नहीं तो कल. मगर पानी में नक्को."

"आणि खिडकी बंद झाली तर?" हे आम्हीच विचारले.

"तर दुसऱ्या फेरीत नंबर लावू, अब्बा. तुम्हीच शिकवता ना?"

तिच्या आवाजात कुरबूर नव्हती, पण तिने पिशवीतली कागदपत्रे काढून आणखी एका प्लास्टिकमध्ये गुंडाळली, तेव्हा तिची बोटे थरथरत होती. मामांनी इंजिन बंद केले. अम्मी तोंड फिरवून बसल्या.

काठावरच जिल्हा परिषदेची शाळा होती. पावसामुळे मुले लवकर सोडली असावीत, व्हरांडा रिकामा. गाडी तिच्या भिंतीला लावली. म्हाताऱ्याने काठावर पाण्याच्या रेषेशी एक दगड ठेवला आणि म्हणाला, "ह्यो दगुड कोरडा पडू द्या. वढ्याचं पाणी येतं तसंच जातं. फक्त लिंबोटीकडं लई पडला नसंल तर." लिंबोटी म्हणजे लोहा तालुक्यातले मन्याड नदीवरचे धरण. मन्याड फुगली की तिला मिळणाऱ्या लहान ओढ्यांचे पाणी मागे तुंबते, पुढे सरकत नाही. त्या भागातल्या माणसाला धरण, नदी, ओढा यांचा हा हिशेब तोंडपाठ असतो.

पुढचे तीन तास आम्ही खरोखरच चाकांवरच्या घरात काढले. पत्नीने लातूरसाठी बांधलेली शेगडी सोडली, व्हरांड्यात कुकर लावला, मुगाच्या डाळीची खिचडी केली. अम्मींच्या बरणीतले लोणचे फुटले. दुधाच्या पोऱ्याने नासण्याआधी वापरा म्हणून एक कॅन पुढे केला, पैसे घ्यायला तयार नव्हता, शेवटी खिचडी घेतली. दहा-बारा माणसांचा चहा झाला. धाकटा मोबाइलमध्ये हे सगळे टिपत होता आणि न्यूझीलंडच्या त्या कुटुंबासारखे बोलत होता.

बोलता बोलता म्हाताऱ्याने दमणीची आठवण काढली. वरून तट्ट्याचे छत, आत कडबा, त्यावर गोधडी. बायका-मुले लग्नाला निघाली की दोन-दोन दिवस त्या दमणीतच काढायची. अम्मीही नवरी म्हणून नांदेडला दमणीतून गेल्या होत्या, पडदा लावून. आणि दसऱ्यानंतर आमच्याच भागातून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आठवा. ट्रॉलीत कोपीचे बांबू, हंडे, कोंबड्या आणि शाळेतून नाव न काढता नेलेली मुले. आमच्या वर्गातली काही बाके दर हिवाळ्यात अशी रिकामी होतात. त्या घरालाही चाके असतात, पण त्याचे व्हिडिओ कोणी करीत नाही.

जुहरची वेळ झाली होती. मशीद गावाच्या आतल्या अंगाला, मधे घोटाभर चिखल, अम्मींना चालणे अशक्य. थोरलीने विचारले, इथेच पढावी का? आम्हाला ती हदीस आठवली. सफरमध्ये थंडीची किंवा पावसाची रात्र असली की प्रेषित (स.) मुअज्जिनला घोषणा करायला सांगत, की लोकांनी आपापल्या मुक्कामीच नमाज पढावी. तिथे मुक्कामासाठी रिहाल असा शब्द आहे. रहल म्हणजे उंटावरचे खोगीर, प्रवाशाचे सामान, आणि तो जिथे सामान उतरवतो ती जागा. त्याचे अनेकवचन रिहाल. आपण ज्या लाकडी घडवंचीवर कुरआन ठेवून पढतो, तो रेहल याच शब्दाचा भाऊ. आम्ही गाडीतला अम्मींचा रेहल काढून मुलांना दाखवला. तेवढ्यापुरते घड्याळ विसरलो.

शाळेच्या व्हरांड्यात जानमाज अंथरले. प्रवासी म्हणून कसर, चारच्या जागी दोन रकअत. अम्मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मागे फळ्यावर कोणा गुरुजींच्या अक्षरात सुविचार आणि पट-उपस्थिती. नमाज होईपर्यंत काठावरची माणसे आपोआप हळू बोलू लागली.

सलाम फेरल्यावर अम्मी थोरलीला म्हणाल्या, "ठीक किया तू ने." एवढे बोलायला त्यांना दोन तास लागले.

साडेतीनच्या सुमारास दगड कोरडा पडला. म्हाताऱ्याने तरीही घाई करू दिली नाही. एक तरुण काठी टेकत फरशीवरून पलीकडे जाऊन आला, एका कडेला फरशी खचल्याचे त्याने दाखवले. ट्रॅक्टर जिथून गेला होता, त्याच्या हातभर अलीकडे. मामा ते पाहत राहिले, काही बोलले नाहीत. आम्ही सगळे उतरलो, चालत फरशी ओलांडली, मग रिकामी गाडी आली. अम्मींना त्या तरुणाने आणि थोरलीने दोन्हीकडून धरले होते. फरशीच्या मध्यावर अम्मी क्षणभर थांबल्या. आम्हाला वाटले गुडघा धरला. पण त्या नुसत्या खाली पाण्याकडे पाहत होत्या.

लोह्याला रेंज आली. आम्ही महाविद्यालयात फोन लावला. पलीकडच्या बाबूंनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, सकाळपासून असे तीस-चाळीस फोन झाले, सगळीकडे पाऊस आहे, उद्या अकराच्या आत या. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. थोरली खिडकीबाहेर पाहत होती. तिने नुसते अल्हमदुलिल्लाह म्हटले आणि कागदपत्रांची पिशवी पहिल्यांदा मांडीवरून खाली ठेवली.

पुढचा रस्ता भराभर गेला. माळेगावला खंडोबाच्या यात्रेचे मैदान पावसात ओस पडले होते. डिसेंबर-जानेवारीत तिथे घोड्यांचा बाजार भरतो, धाकट्याला तो पाहायचा आहे. मग बालाघाटचे डोंगर, ढग रस्त्यावर उतरलेले. अहमदपूरच्या पुढे पेट्रोल पंपावर असर पढली, पुन्हा दोन रकअत. चाकूर सोडल्यावर पाऊस मागे राहिला. लातूर जवळ आले तेव्हा रस्ते कोरडे होते, आभाळ नुसतेच भरलेले.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. घरमालकीणबाईंनी दार उघडून आधी गच्चीवर नेले आणि तीन निळे पिंप दाखवले. "पाणी आलं की आधी हे भरायचे, मावशी. पाऊस असला तरी." लातूरच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही, बाहेरच्याला शिकवावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिण्यांच्या गाड्या आल्या. घरमालकीणबाई म्हणाल्या, त्या वर्षी पाहुणे यायचे म्हटले की आधी बादली घेऊन या असे सांगायचो. अम्मींनी तिन्ही पिंपांची झाकणे उघडून आत पाहिले. सकाळी ज्या पाण्याने रस्ता अडवला होता, ते मन्याडला जाते, मन्याड मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. लातूरची मांजराही तीच. धाकट्याला हे नकाशावर दाखवायचे राहून गेले.

सामान वर आणेपर्यंत इशाची वेळ झाली. गाद्या अजून गुंडाळलेल्या, कुकर धुवायचा राहिलेला. पत्नीने खोलीच्या कोपऱ्यात पुस्तकांच्या खोक्यावर रेहल ठेवला. खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या मुलांचे दिवे दिसत होते, खिडकी-खिडकीत एक डोके पुस्तकात.

आम्ही पुढे उभे राहिलो, शेजारी धाकटा, मागे अम्मी खुर्चीवर, थोरली आणि पत्नी. आम्हाला परवाच्या दिवशी शाळेवर हजर व्हायचे होते, त्यामुळे आम्ही अजून मुसाफिर, आमच्या दोनच रकअत. अम्मी आणि थोरली इथे राहायच्या नियतीने आल्या होत्या, पंधरा दिवसांहून कितीतरी जास्त, म्हणून त्या मुकीम, त्यांच्या पूर्ण चार. दोन रकअत झाल्यावर आम्ही सलाम फेरला. आमचे तिघांचे झाले. मागे थोरली उरलेल्या दोन रकअतींसाठी उठून उभी राहिली होती, आणि खुर्चीवर बसलेल्या अम्मींनी पुन्हा हात बांधले होते.